बाबांच्या पगारपत्रकातल्या चार कपाती कुठून आल्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कुठे चुकत असेल तर सांगा. तुमचे बाबा एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकोणीस वर्षं कामाला आहेत. डिसेंबरच्या पगारपत्रकात एकूण पगार १८,४०० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. कपाती चार: पीएफ १,५६०, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) १३८, पीटी (व्यवसाय कर) २०० आणि ‘एमएलडब्ल्यूएफ’ २५. आई चार घरी धुणीभांडी करतात. त्यांचं कुठे काही कापलं जात नाही आणि त्यांना काही मिळतही नाही. काका बाजार समितीत हमाली करतात, त्यांच्याकडे माथाडी मंडळाचं ओळखपत्र आहे. गावी आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. तुम्ही विचारलंय की एकाच घरात चार माणसांना चार कायदे का, हे सगळं सरकारच देत असेल तर बाबांच्या खिशाला कात्री कशासाठी, आणि नवा सामाजिक सुरक्षा कायदा आल्यावर यातलं काय उरलं.

गेली सव्वीस वर्षं मी कामगारांचे नुकसानभरपाईचे आणि ईएसआय-पीएफचे दावे लढते आहे. आपला हक्क कशाच्या बळावर उभा आहे हे माणसाला कळलं नाही, तर तो चुकीच्या दारात चुकीचा कागद घेऊन वर्षानुवर्षं ताटकळत राहतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासापासूनच द्यावंसं वाटतं.

ही बळं मुळात तीन आहेत. मालकाची जबाबदारी, आपण भरलेली वर्गणी आणि आपली गरज. तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भांडणांतून झाला, म्हणून प्रत्येक जण वेगळा पुरावा मागतो. जबाबदारीचा कायदा विचारतो, अपघात कामामुळे झाला का? वर्गणीचा कायदा विचारतो, हजेरी किती दिवस? गरजेचा कायदा म्हणतो, उत्पन्नाचा दाखला आणा. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. मूळ पगार किती दाखवलाय, मधे पीएफ काढला होता का, नोंदणी कोणत्या तारखेची, यावर खाली सांगितलेल्या काही गोष्टी बदलू शकतात. ते जिथे जिथे आहे तिथे सांगत जाईन.

सुरुवात पगारपत्रकावर न दिसणाऱ्या कायद्यापासून करते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कामावर इजा झाली तर कामगाराला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराने, जास्त माल भरलेली गाडी मोडून इजा झाली म्हणून, मालकावर दावा लावला आणि तो हरला. त्या निकालातून पुढे असं तत्त्व रूढ झालं की बरोबरच्या कामगाराच्या हलगर्जीपणाला मालक जबाबदार नाही. शिवाय ‘धोका माहीत असून काम पत्करलंस’ आणि ‘तुझीही चूक होती’ हे दोन बचाव मालकाच्या हाताशी होतेच. कारखान्यातला जवळपास प्रत्येक अपघात या तिन्हींपैकी एका खणात टाकता येतो. १८९७ मध्ये ब्रिटिश संसदेने हे बाजूला ठेवलं: चूक कोणाची हे विचारायचं नाही, कामामुळे आणि काम करत असताना इजा झाली एवढं पुरे, पण रक्कम ठरलेल्या हिशेबाने मिळेल, मागाल तितकी नाही. आपल्याकडे हाच विचार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून आला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

या कायद्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. कामगार मरण पावला तर भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची. परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. मी वकिलीत नवी असताना एक बाई आल्या होत्या. नवरा कामावर असताना मरण पावला होता. तेराव्याला मालकाचा माणूस ४०,००० रुपये रोख घेऊन आला आणि ‘सर्व हिशेब मिळाला, काही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर त्यांचा अंगठा घेऊन गेला. सुनावणीच्या दिवशी त्या बाईंनी उरलेले अकरा हजार पिशवीत बांधून आणले होते, दावा लावलाय म्हणजे आता परत करावे लागणार म्हणून. मालकाच्या वकिलांनी तो स्टॅम्पपेपर पुढे केला. आयुक्तांनी वाचला, बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, “रक्कम इथे जमा केलीत का?” केली नव्हती. वारसांना आगाऊ म्हणून दिलेल्या पैशातला तीन महिन्यांच्या पगारापर्यंतचाच भाग कायद्याप्रमाणे वळता झाला, बाकी सगळी भरपाई व्याजासकट भरावी लागली. नवरा गेलेली बाई आणि कारखान्याचा मालक समोरासमोर बसले तर सौदा कसा होईल, हे १९२३ साली कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण या कायद्याची मर्यादाही तिथेच आहे. सगळा भार एका मालकावर. तो बुडाला, पळाला, किंवा दहा वर्षं अपील करत बसला तर? आणि मिळते ती रक्कम एकरकमी, जी लग्नकार्यात, कर्जात, दवाखान्यात लवकर संपते. शिवाय माणूस फक्त अपघाताने अडत नाही. क्षयाने, बाळंतपणाने, म्हातारपणाने अडतो, आणि त्यात मालकाचा दोष शोधायचा कुठे?

इथे दुसरं बळ येतं, वर्गणीचं. जर्मनीत बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदी घातली, आणि त्याच हाताने कामगारांना राज्याशी बांधून ठेवण्यासाठी १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा आणला. हेतू राजकीय होता, यात शंका नाही. पण रचना अशी झाली की तिने हेतूलाही मागे टाकलं. आजारपणाच्या विम्यात दोनतृतीयांश वर्गणी कामगाराची, एकतृतीयांश मालकाची; म्हणून त्या निधीच्या कारभारातही कामगारांचे प्रतिनिधी जास्त. ज्याने पैसे भरले त्याला ‘तू गरीब आहेस का, चांगल्या चालीचा आहेस का’ असं कोणी विचारू शकत नव्हतं. त्याआधी इंग्लंडात गरिबांसाठी जो कायदा होता, १६०१ चा आणि मग १८३४ चा कडक केलेला, त्यात मदत हवी असेल तर माणसाने वर्कहाऊसमध्ये जाऊन राहायचं, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराहूनही वाईट ठेवायचं, असं धोरणच होतं. तिथपासून १९११ च्या ब्रिटिश विमा कायद्यापर्यंतचा प्रवास (कामगाराचे आठवड्याला चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन) हा मदत मागणाऱ्याला मान खाली घालायला लावण्यापासून त्याच्या हातात कार्ड देण्यापर्यंतचा प्रवास आहे. तुमच्या ‘कात्री का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. बाबांचे १३८ रुपये कापले जातात म्हणूनच दवाखान्याच्या खिडकीवर त्यांना कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

आपल्याकडे हे यायला वेळ लागला. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने आजारपणाच्या विम्याचा विषय लावून धरला, पण त्या दशकात काही हललं नाही. मग १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम आलं. अहवाल १९४४ मध्ये आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात बाळंतपण आणि कामावरची इजा यांचा मेळ घातला गेला, आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. प्रत्यक्ष सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये बेव्हरिजच्या १९४२ च्या अहवालावरून सगळ्या नागरिकांसाठी योजना उभी राहत होती. आपण मात्र कारखान्याच्या फाटकापाशी थांबलो. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. दवाखानेच नव्हते, आणि हजेरीपट फक्त कारखान्यात होता. पण ‘फाटकाच्या आतला’ आणि ‘फाटकाबाहेरचा’ अशी जी रेघ त्या दिवशी ओढली गेली, ती तुमच्या आई आणि बाबा यांच्यामधून आजही जाते.

बाबांच्या १३८ रुपयांचा हिशेब असा. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. म्हणजे मालक महिन्याला ५९८ रुपये भरतो, जे पगारपत्रकावर दिसत नाहीत. हे ५९८ तो कुठल्याही नावाने बाबांच्या पगारातून वळते करू शकत नाही. (ठेकेदाराच्या पगारपत्रकात ही चलाखी मी बऱ्याचदा पाहिली आहे, म्हणून सांगते.) वैद्यकीय खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकारचा. बदल्यात बाबांना आणि घरच्यांना औषधोपचार. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. कामावर इजा झाली तर ९० टक्के, आणि यासाठी किमान दिवसांची अट नाही, पहिल्या दिवशी इजा झाली तरी. जीव गेला तर वारसांना एकरकमी भरपाईऐवजी दरमहा पेन्शन. दोन्ही कायद्यांखाली एकाच इजेची भरपाई मात्र मिळत नाही. ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याचं दार बंद.

नोंदणीच्या तारखेबद्दल मी वर म्हटलं ते या एका प्रकरणामुळे. पॉवर प्रेसवर चार बोटं गेलेला एक मुलगा, वय बावीस. त्याचा विमा क्रमांक तयार झाला होता अपघाताच्या दिवशी दुपारी साडेतीनला. बोटं गेली सकाळी अकराला. मालकाचं म्हणणं, तो त्याच दिवशी लागला. आम्ही त्याची कँटीनची कूपन-वही आणली, तीन महिन्यांची, प्रत्येक पानावर तारखेचा शिक्का. ती वही त्याच्या आईने रद्दीत जाऊ दिली नव्हती. कायदा इथे कामगाराच्या बाजूने स्पष्ट आहे: नोंदणी करणं, वर्गणी भरणं हे मालकाचं काम, त्याने ते केलं नाही म्हणून कामगार विम्याबाहेर जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलंय. ईएसआय महामंडळ आधी लाभ देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकतं. पण तो कामगार होता, एवढं तरी कागदावर दिसावं लागतं.

पैसे कोणाकडून घ्यायचे यावर कायद्याचा परिणाम किती बदलतो, हे बाळंतपणाच्या कायद्यात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. देशातला असा पहिला कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना म्हटलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. भार पडला मालकावर. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातही तसाच राहिला, आणि २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली तेव्हाही पगार मालकानेच द्यायचा. सव्वीस आठवडे मलाही हवेच आहेत, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण लहान आस्थापनांत तरुण, नुकतंच लग्न झालेल्या बाईला नोकरीच न देण्याचं कारण यातून तयार होतं, आणि अशा मुली माझ्याकडे येतात ज्यांच्या हातात न्यायालयात नेण्यासारखा एकही कागद नसतो, कारण नाकारताना कोणी लेखी देत नाही. ईएसआय असलेल्या कारखान्यात हेच २६ आठवडे विमा निधीतून जातात, तिथे मालकाला बाई ‘महाग’ पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी उभा राहिलेला तो मुद्दा अजून सुटलेला नाही.

आता पीएफचे १,५६०. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांना लागू, आणि दर सव्वासहा टक्के. हा खऱ्या अर्थाने विमा नाही, सक्तीची बचत आहे: जो जास्त जगेल त्याचे पैसे आधी संपतात. ही उणीव भरायला १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आणि मग नोव्हेंबर १९९५ मध्ये कर्मचारी पेन्शन योजना आली. बाबांचे १,५६० पूर्णपणे त्यांच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १,५६० पैकी साधारण १,०८३ पेन्शनकडे आणि उरलेले ४७७ खात्यात.

इथे तुमच्या घराच्या उपयोगाची गोष्ट. पेन्शनचं सूत्र आहे सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. गेल्या ६० महिन्यांची सरासरी १२,००० धरली तर एकोणीस वर्षांवर महिन्याला सुमारे ३,२५७ रुपये होतात. पण वीस वर्षं पूर्ण झाली की निवृत्तीच्या वेळी हिशेबात दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे बावीस धरून सुमारे ३,७७१. बाबा वैतागून ‘आता सोडतोच’ म्हणत असतील तर हे वर्ष त्यांना काढू द्या. मात्र मधे कधी नोकरी बदलताना त्यांनी पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर मागची वर्षं मोजली जात नाहीत. पासबुकात आणि सेवा-इतिहासात आधी तेच तपासा. रक्कम थोडी आहे, हे मला मान्य आहे. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि तेवढ्यावर जगणारी माणसं माझ्या ऑफिसच्या बाकावर बसलेली असतात.

‘एमएलडब्ल्यूएफ’चे २५ रुपये म्हणजे कामगार कल्याण निधी, मुंबई राज्याच्या १९५३ च्या कायद्याचा, जून आणि डिसेंबरला कापतात, मालक ७५ घालतो. कामगारांकडून वसूल केलेले दंड आणि न घेतलेले पगार मालकाच्या घशात न जाता या निधीत जावेत, ही त्यातली मूळ कल्पना. कामगार कल्याण केंद्रं, शिवणवर्ग, शिष्यवृत्त्या यातून चालतात. तुमच्या धाकट्या बहिणीसाठी शिष्यवृत्ती मिळते का, ते जवळच्या केंद्रात जरूर विचारा.

पीटीच्या २०० रुपयांकडे कोणी लक्ष देत नाही. मला मात्र ती पगारपत्रकातली सगळ्यांत सुंदर ओळ वाटते. तिचं मूळ दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दख्खनमध्ये खडी फोडण्याची, रस्ते-तलावांची कामं काढली, आणि मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. लोकांनी कामावर बहिष्कार टाकला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या मजुरीविरुद्ध आवाज उठवला. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगातून दुष्काळी कामांची नियमावली आली, पण ती मदत होती: सरकार ठरवेल तेव्हा, सरकारला दुष्काळ दिसेल तेव्हा. महाराष्ट्रात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हे उलटं केलं. १९६५ मध्ये तासगाव भागात त्यांनी प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता देणं सरकारवर बंधनकारक. देशाचा २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा याच वाटेने गेला.

आणि पैसे कुठून? १९७५ मध्ये याच खर्चासाठी व्यवसाय कर बसवला, शहरातल्या पगारदारांवर. बाबांच्या पगारपत्रकातले २०० ते हेच. ज्याची नोकरी टिकली आहे त्याने, ज्याच्या रानात पाऊस पडला नाही त्याच्यासाठी भरायचे. तुमच्या आजींनी ७२ च्या दुष्काळात बंडिंगवर किंवा पाझर तलावावर काम केलं होतं का, एकदा विचारा. त्या पिढीतल्या बहुतेक बायका हो म्हणतात.

इथवरचं एकदा नीट लावून घेऊ. अपघाताची भरपाई मालकाच्या जबाबदारीवर, १९२३ पासून. ईएसआय आणि पेन्शन वर्गणीवर, १९४८ आणि १९५२ च्या कायद्यांपासून. पीटी ही तुम्ही दुसऱ्यासाठी भरलेली वर्गणी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: बाबांचा मालक एकच आहे, त्याचा पत्ता आहे, हजेरीपट आहे.

काकांना मालक एक नाही. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची, वाराई कोणाकडून, हमाली कोणाकडून. १९२३ चा कायदा विचारेल, मालक कोण? १९४८ चा विचारेल, कोणत्या आस्थापनेत? दोन्हींचं उत्तर नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने जो रेटा लावला, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने हा प्रश्न फार हुशारीने सोडवला: मालक एक नसेल तर मंडळाला मधे उभं करा. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठराविक टक्के जादा रक्कम, मंडळात भरतो. मंडळ टोळीच्या हिशेबाने मजुरी देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. काकांचं नाव टोळीच्या यादीत आहे आणि व्यापारी मंडळात नोंदलेला आहे, तोवर ही साखळी चालते. व्यापाऱ्याने ‘हातात घे आणि जा’ म्हणून रोख दिली की त्या दिवसाची लेव्ही बुडते. म्हणजे काकांच्या म्हातारपणातला एक दिवस बुडतो. रोखीचा मोह पडतो, हे मला कळतं. तरी काकांना हे जरूर सांगा.

आजींचं बळ तिसरं, गरजेचं. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सार्वजनिक मदत देण्याचं तत्त्व आहे, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांसह. महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना काढली, केंद्राने १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम. वर्गणी नाही, म्हणून अट उत्पन्नाची: कुटुंबाचं वर्षाचं २१,००० च्या आत. केंद्राचा वृद्धांसाठीचा वाटा ८० वर्षांखालच्यांना महिन्याला २०० रुपये, आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ तेवढाच, उरलेला राज्याचा. आजींना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हातारपणी तलाठ्याकडे, तहसीलला खेटे घालावे लागतात. ज्या बाईने आयुष्यभर शेतात राबून घातलं, तिला आपण निराधार आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं, ही गोष्ट मला अजूनही सलते. तुम्ही विचारलंत की आपण सरकारचे ऋणी आहोत का. आजींनीही आयुष्यभर मीठ-मिरची-कापडावर कर भरलेलाच आहे.

आता नवा कायदा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने नऊ केंद्रीय कायदे एकत्र केले. त्यात नुकसानभरपाई, ईएसआय, पीएफ, बाळंतपण आणि ग्रॅच्युइटी आहेत. एकत्र केले म्हणजे हक्क गेले असं नाही. आधीच्या योजना नव्या येईपर्यंतच्या काळात चालू ठेवण्याची तरतूद त्यातच आहे, आणि त्या तारखेआधी झालेला अपघात जुन्या कायद्यानेच पाहिला जाईल. ठराविक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांऐवजी एक वर्ष, आणि अ‍ॅपवरून काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी, हे खरे नवे भाग. माथाडी, रोजगार हमी, कामगार कल्याण निधी, घरेलू कामगार हे राज्याचे कायदे त्या नऊमध्ये नाहीत. काकांना कोणी ‘माथाडी आता संपलं’ म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

राहिल्या आई. चार घरं, चार मालक, एकाकडेही हजेरीपट नाही. हमालासारखीच स्थिती, पण उत्तर अर्धंच मिळालंय. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण घरमालकावर सक्तीची लेव्ही नसल्यामुळे त्या मंडळाकडे माथाडी मंडळासारखा नेमाने येणारा पैसा नाही, आणि मिळतं ते तुकड्यातुकड्यांत. सोसायट्यांच्या पातळीवर लेव्ही बसवता येते असं माझं ठाम मत आहे. बाजारातल्या शेकडो व्यापाऱ्यांकडून ती १९६९ नंतर वसूल करता आली, तर जिथे महिन्याचा देखभाल खर्च न चुकता गोळा होतो तिथे ते अवघड नाही.

ते होईपर्यंत आईंसाठी करण्याजोगं एवढं आहे. वय १८ ते ६० मधे असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात घरेलू कामगार म्हणून नोंदणी करा आणि ती वेळच्या वेळी नवी करत राहा. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या केंद्रीय नोंदणीचं कार्ड, काढा. वय ४० च्या आत असेल तर केंद्राच्या श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेचाही विचार करा, पुढे असेल तर तो रस्ता बंद आहे. आणि एक शंभर पानी वही घ्या: प्रत्येक घराचं नाव, पत्ता, काम कधी धरलं, पगार किती, कधी वाढला, खाडे किती. जमेल तिथे महिन्याच्या शेवटी त्या घरातल्या कोणाची तरी सही. पगार फोनवरून घेता आला तर उत्तम, त्याची नोंद आपोआप राहते. लिहायला आईंना जमत नसेल तर त्या सांगतील तसं तुम्ही लिहा, म्हणजे सगळ्यांत जुनं घर कोणतं आणि तिथे त्या कितव्या वर्षापासून जातात, हे पहिल्याच पानावर येईल.